वरच्या गटातला माणूस

१० जानेवारी

छोट्या,

वर काय लिहायचं यातच बराच वेळ गेला. चिरंजीव लिहावं तर तुझे केस माझ्याआधी पिकले. आयुष्मान लिहावं तर तुझ्या धंद्यात रोज आयुष्याचीच मापं काढतात. शेवटी घरात ज्या नावाने हाक मारत आलो तेच लिहिलं. त्यात प्रेम आहे असं समजू नकोस, सवय आहे.

तुझं पत्र मिळालं. आई गेल्यापासून मी तुझा फोन घेत नाही, म्हणून तू कागद काढलास हे बरं केलंस. फोनवर तू गप्प झालास की मला वाईट वाटतं आणि मी विषय सोडून देते. कागदावर तसं होत नाही.

तुझं म्हणणं मला कितपत कळलं ते आधी माझ्या भाषेत मांडते. चुकलं तर सांग. पित्तनलिकेचा कॅन्सर झालेल्या लोकांचे, ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे तुम्ही गोळा केलेत. त्या पेशींत एक मायक्रोआरएनए असतो. इवलासा तुकडा, पण पेशीतल्या मोठ्या मोठ्या संदेशांना गप्प बसवतो. तो ज्यांच्यात जास्त सापडला त्यांना तुम्ही वरचा गट म्हणालात, कमी सापडला त्यांना खालचा. वरच्या गटातले बरेचसे वर्षभरात गेले, खालचे पुष्कळ टिकले. यावर तुझा लेख छापून आला, तुला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, अप्पांनी तो लेख एक शब्द न कळता शेजाऱ्यांना दाखवला. आता दुसऱ्या रुग्णालयांनी त्यांच्याकडचे नमुने तपासले, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यात वरचे नि खालचे सारखेच जगतात, सारखेच मरतात. तू प्रामाणिकपणे लिहिलंयस की गटांमधली रेघ कुठे मारायची ते तुम्ही कोण गेलं, कोण राहिलं हे बघून मग ठरवलं होतं. मी पेपर तपासून झाल्यावर पास-नापासाची रेघ ठरवली तर मलाही हवा तसा वर्ग पाडता येईल.

आणि हे मी अप्पांना सांगावं असं तुझं म्हणणं. ‘ताई, तूच सांग, तुझं ते ऐकतात.’

मी सांगणार नाही.

तू विसरला असशील म्हणून त्या दिवसांची आठवण करून देते. अप्पांना कावीळ झाल्याचं आधी कुणाला कळलं माहीत आहे? त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या एका बाईंना. गाडी शिकता शिकता त्यांनी आरशात बघितलं नि म्हणाल्या, सर, तुमचे डोळे पिवळे दिसतात. अप्पा म्हणाले, आरशात मागची गाडी बघा, माझे डोळे नका बघू. मग त्याच पित्तनलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. सर्जनबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की कापलेल्या कडा स्वच्छ आहेत, आसपासच्या गाठींत काही सापडलं नाही, ते परत येऊ नये म्हणून आता सहा महिने गोळ्या घ्या, मग बघू. अप्पा हो म्हणाले. तू तो तुकडा तुझ्याकडे मागवून घेतलास. तेव्हा ज्या कागदावर अप्पांनी सही केली त्यावर लिहिलं होतं की या तपासणीचा निकाल रुग्णाला किंवा नातेवाइकांना कळवला जाणार नाही. ती अट तुमचीच.

तुला फोन अप्पांनी केला होता, हे मला मान्य आहे. मी शेजारी बसून वह्या तपासत होते. त्यांना स्पीकरशिवाय ऐकू येत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“डॉक्टर, माझा तुकडा बघितलास का?”

“अप्पा, ते तसं सांगायचं नसतं.”

“परक्यांना सांगायचं नसतं. मी परका आहे का?”

तू म्हणालास, “जास्त आहे अप्पा. तुम्ही वरच्या गटात येता.”

“म्हणजे?”

“म्हणजे वर्ष. कदाचित थोडं अधिक. काही आवरून घ्यायचं असेल तर घ्या.”

आवरून घ्या. हे शब्द तुझे. परीक्षेला बसणाऱ्या पोराला आई म्हणते ना, आवरून घे, रिक्षा यायची वेळ झाली, त्या सुरात म्हणालास.

पुढच्या खेपेला अप्पांनी सर्जनबाईंना गोळ्यांना नकार दिला. बाई चिडल्या. “कुणी सांगितलं तुम्हाला वर्षाचं?”

“माझ्या मुलाने.”

“तो एका गटाबद्दल बोलतोय. मी तुमच्याबद्दल बोलते आहे.”

“बाई, तुम्ही चांगल्याच आहात,” अप्पा म्हणाले, “पण तो माझा मुलगा आहे.”

त्यांनी फाइल मिटली.

तेव्हा जे सांगायचं ते तू सांगितलंस. आता ते खोटं होतं हे सांगायचं असेल तर तेही तुझं तू बघ. तुला हलकं व्हायचंय, हो. माझ्या डोक्यावर ठेवून नको.

ताई


२ फेब्रुवारी

छोट्या,

‘मी माहिती दिली, निर्णय त्यांचा होता.’ तुझ्या पत्रातलं हे वाक्य मी शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच परत आणला.

त्या माहितीने या घरात काय काय केलं ते तुला कधी कुणी सांगितलं नाही. दर रविवारी फोनवर अप्पा ‘सगळं ठीक’ म्हणत आणि तू ते खरं धरत होतास. आता ऐक.

त्यांनी स्कूल बंद केलं. दोन्ही नव्या गाड्या, पाटी, शिकायला येणारी माणसं, सगळं त्यांच्या जुन्या सहकाऱ्याला देऊन टाकलं. ज्यांना शिकवलं होतं त्यांच्यापैकी जे सापडले त्यांच्या घरी जाऊन निरोप घेतला. मी त्यांना घेऊन हिंडले. प्रत्येक दारात तेच बोलणं. “पुढच्या वर्षी मी नसेन. गाडी हळू चालवा.” लोक चहाचा आग्रह करत. एका बाईने तर रडून गोंधळ घातला, तिला तीन वेळा नापास होऊनही यांनी सोडलं नव्हतं.

मग वर्ष गेलं आणि अप्पा होतेच. आम्ही कुणी त्याबद्दल बोललो नाही. वाढदिवसासारखं काही करावं असं माझ्या मनात आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. त्यांना लाज वाटत होती. बाजारात जाईनासे झाले. कुणीतरी एकदा म्हणालं, अरे, तुम्ही अजून आहात का? त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं. अप्पा घरी आले ते आरामखुर्चीत बसले, आणि त्यानंतर सकाळचा एक तास सोडला तर त्या खुर्चीतून ते फारसे उठलेच नाहीत. ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांच्या शेजारी बसून, पाय ब्रेकवर ठेवून काढला, तो मरणाची वाट बघत खुर्चीत बसला. आणि मरण येईना.

माझंही सांगते. मला डोंगरातल्या एका शाळेने मुख्याध्यापक म्हणून बोलावलं होतं. मी त्यांना लिहिलं की घरी आजारपण आहे, एक वर्ष थांबाल का? वर्ष हा शब्द मी तुझ्याकडून उचलला. ते थांबले. वर्षाने त्यांनी विचारलं तेव्हा अप्पा खुर्चीत बसून सूप पीत होते. मी काय लिहिणार? वडील अजून आहेत, माफ करा?

पण मला लिहायचंय ते आईचं.

अप्पांनी एक गाडी ठेवून घेतली होती. ती जुनी, दोन्हीकडे ब्रेक असलेली. आपल्यामागे आईला कुणावर अवलंबून राहावं लागू नये म्हणून तिला गाडी शिकवायची असं त्यांनी ठरवलं. आईला. जिने एकदा सायकलवरून पडल्यावर पुन्हा सायकलला हात लावला नव्हता.

“अहो, या वयात?”

“मी गेल्यावर डॉक्टरकडे कोण नेणार तुला? ताई शाळेत असते.”

“तुम्ही आधी जाणार हे ठरलंय का?”

“मुलाने सांगितलंय.”

“मुलाने लहानपणी सांगितलं होतं की आईला समुद्रात फिरायला बोट बांधून देईन. दिली का?”

पण ती शिकली. रोज सकाळी, मी शाळेला निघाले की दोघं निघायची. स्टिअरिंग ती अशी धरायची की वाटावं कुणीतरी हिसकावून घेणार आहे. गाडीशी बोलायची. “चल ग बाई, आता वळू या.” अप्पांना ते अजिबात आवडायचं नाही. वर्ष संपलं तेव्हाही तिला रिव्हर्स जमत नव्हता, म्हणून शिकवणी चालूच राहिली. मुदत संपलेला मास्तर आणि नापास होणारी विद्यार्थिनी. दोनदा परीक्षेला बसली, दोनदा रिव्हर्सला अडली.

घरी आली की घामाघूम असायची. हात गार. जिना चढताना मध्येच थांबायची. म्हणायची, जबडा दुखतो. अप्पा म्हणायचे, दात आवळून चालवतेस म्हणून. आम्ही सगळे हसायचो, तीसुद्धा. घरात एकच आजारी माणूस होता आणि तो कोण हे तू ठरवून दिलेलं होतं. दुसरीकडे बघायला कुणाला डोळे नव्हते.

तुला आम्ही सांगितलं की आई घरी गेली, झोपेत. घरी नाही गेली. गाडीत गेली, स्टिअरिंगवर बसलेली, अप्पा शेजारी. हृदय. त्या दिवशी तू मोठ्या सभागृहात तुझा लेख वाचत होतास, तुझा फोन बंद होता. मी निरोप ठेवला, मग पुन्हा ठेवला, मग ठेवायचं सोडून दिलं. तुझा फोन आला तेव्हा आम्ही सगळं उरकून परत आलो होतो. ‘आता येऊन काय करू’ म्हणालास. खरंच होतं ते. म्हणून मी चिडले.

आता तू म्हणतोस की अप्पांना खरं कळायचा हक्क आहे. हा हक्क तुला फक्त तुझ्या सोयीने का आठवतो?

ताई


२७ फेब्रुवारी

छोट्या,

मी सांगितलं. तुझ्यासाठी नाही, रागाने सांगितलं. कसं झालं ते लिहिते.

त्यांना पुन्हा कावीळ झाली. तपासणीत जिथे पूर्वी कापलं होतं तिथेच काहीतरी दिसलं. पित्त वाहून जावं म्हणून आत जाळीची बारीक नळी बसवली. ती बसवून झाल्यावर दोन दिवसांनी सर्जनबाईंनी आम्हाला खोलीत बोलावलं आणि म्हणाल्या, परत आलंय. अप्पांनी मान हलवली. बाहेर येऊन आम्ही लिफ्टसमोरच्या खुर्च्यांवर बसलो. ते थकले होते.

“बघ,” ते म्हणाले, “डॉक्टरचं खरं निघालं. जरा उशिरा, पण निघालं.”

छोट्या, त्यांच्या आवाजात समाधान होतं. मुलाचा वर्गात पहिला नंबर आल्यावर बापाचा होतो तसा आवाज. चार वर्षं तुझी इज्जत राखायला त्यांना मरता येत नव्हतं की काय असं वाटलं, आणि आता एकदाचं काम झालं. मला ते सहन झालं नाही.

मी म्हटलं, “नाही निघालं.”

“काय?”

“त्याचं खरं नाही निघालं. त्याने स्वतः लिहून कळवलंय.”

मग सगळं सांगितलं. पहिले नमुने, नंतरचे नमुने, मधली रेघ. मी इतिहास शिकवते, झालेलं नीट क्रमाने सांगायची मला सवय आहे. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

“म्हणजे माझ्यात ते जास्त होतं, हे खोटं?”

“जास्त होतं ते खरं. जास्त असलं की माणूस लवकर जातो, हे खरं नाही.”

“हं.”

लिफ्ट आली, दार उघडलं, कुणी उतरलं नाही, दार मिटलं. ते त्या दाराकडे बघत होते. मला वाटलं आता तुला शिव्या देतील. मी त्याचीच वाट बघत होते.

ते म्हणाले, “मग मी तिला का शिकवलं?”

आणि त्यांनी मला तो दिवस सांगितला. दोन वर्षांत त्यांनी तो कुणालाच सांगितला नव्हता. त्यांच्याच शब्दांत लिहिते, मला त्यात काही घालता येत नाही आणि काढताही येत नाही.

“गोदामांच्या मागचा रुंद रस्ता आहे ना, तिथे होतो. ती म्हणाली, अहो, थांबते जरा. मी म्हटलं, थांबायचं तर नीट थांब. मागचं बघ. तिने आरशात बघितलं. इंडिकेटर दिला. गाडी कडेला घेतली, चाक कुठे घासलं नाही, पहिल्यांदाच. न्यूट्रल केली. हँडब्रेक ओढला. मी म्हटलं, शाब्बास. मी कुणाला सहसा शाब्बास म्हणत नाही. मग म्हटलं, आता रिव्हर्स. ती काही बोलली नाही. मी पुन्हा म्हटलं, रिव्हर्स टाक. मला वाटलं रुसली. मी समोर बघत होतो, शिकवताना समोर बघायचं असतं. किती वेळ मी तिला रिव्हर्स टाक, रिव्हर्स टाक म्हणत बसलो होतो, ताई.”

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, रागाने नाही, त्यांना खिशातून रुमाल काढायचा होता.

“मी जाणार होतो म्हणून तिला शिकवत होतो,” ते म्हणाले. “जाणारच नव्हतो तर मग ते काय होतं? छळ?”

“अप्पा, तुम्हाला काय माहीत होतं?”

“तेच म्हणतोय. माहीत होतं म्हणून केलं. आता तू म्हणतेस माहीत नव्हतं.” मग म्हणाले, “हे मला नको सांगूस. सांगितलंच नाहीस असं धर.”

घरी येताना गाडी मी चालवत होते. मी चुकीच्या रस्त्याला लागले, ते त्यांनी सांगितलं नाही.

तुझं काम झालं. आता पुन्हा मला ‘थँक्यू ताई’ लिहू नकोस.

ताई


९ मार्च

छोट्या,

रविवारच्या फोनबद्दल लिहिते. तुला वाटतंय त्या फोनवर तुझ्या मनावरचं ओझं उतरलं. तू मला नंतर पाठवलेल्या ओळीत तसंच लिहिलंस, ‘अप्पांनी मोठ्या मनाने समजून घेतलं.’ फोनच्या या बाजूला काय होतं ते तुला दिसलं नाही.

स्पीकर चालू होता. तू म्हणालास, “अप्पा, माझी चूक झाली. तो आकडा…”

“कुठला आकडा?”

“वरच्या गटाचा. मी तुम्हाला सांगायला नको होतं. आणि जे सांगितलं तेही…”

“ते बरोबर होतं,” अप्पा म्हणाले. “बाई म्हणाल्या परत आलंय. आलं ना परत? मग?”

“पण अप्पा, त्याचा याच्याशी संबंध नाही. परत यायचं ते कुणालाही…”

“डॉक्टर, तू मला वेळेवर सांगितलंस म्हणून मला तयारी करता आली. किती जणांना मिळतं असं? तुझ्यासारखा मुलगा होता म्हणून.”

मग तू रडलास. ऐकू येत होतं. अप्पा तुला म्हणाले, जेवलास का, आणि फोन ठेवला.

फोन ठेवताना तो दोनदा टेबलाच्या कडेवरून घसरला. मी उचलायला गेले तर म्हणाले, राहू दे. मग भिंतीकडे तोंड करून बसले. मी विचारलं, असं का सांगितलंत त्याला? ते म्हणाले, “मी काही त्याच्यासाठी नाही सांगितलं.”

समजलं का तुला? त्यांनी तुला माफ केलेलं नाही. माफ करायचं तर आधी चूक झाली हे मान्य करावं लागतं, आणि ते मान्य केलं की गोदामांच्या मागचा तो रस्ता त्यांच्या अंगावर येतो. म्हणून तुझा आकडा ते खरा धरून बसलेत. बुडणारा माणूस काय वाट्टेल ते धरतो, तसा त्यांनी तुझा लेख धरलाय. ज्या लेखावरून तूच आता नाव काढून घेतो आहेस.

आणि माझं काय झालं तेही लिहून टाकते. चार वर्षं मी वाट बघितली की एक दिवस अप्पा तुझ्यावर ओरडतील. माझ्यावर ओरडले आहेत, आईवर ओरडले आहेत, रस्त्यातल्या अनोळखी ड्रायव्हरवर खिडकी खाली करून ओरडले आहेत. तुझ्यावर कधीच नाही. रविवारी वेळ आली होती. तुला विचारलं, जेवलास का. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले.

रुग्णालयातली एक गोष्ट राहिली. नळी बसवताना तिथल्या डॉक्टरांनी तपासणीसाठी छोटा तुकडा काढला होता. त्यातला उरलेला भाग संशोधनाला द्याल का, असं विचारायला एक नर्स आल्या. मी नाही म्हणणार होते. अप्पाच म्हणाले, “घ्या. पण निकाल घरी येता कामा नये.”

“काका, निकाल घरी येतच नसतो.”

“आमच्या घरी येतो,” अप्पा म्हणाले.

नर्सना वाटलं गंमत करतायत. हसल्या.

या वेळी औषध घ्यायला ते हो म्हणाले. सलाईनमधून द्यायचं, दर काही दिवसांनी जायचं. मला आश्चर्य वाटलं. पहिल्या वेळी गोळ्या नको म्हणालात, आता हे कसं, असं मी विचारलं. म्हणाले, “आता मला कुणी काही सांगितलेलं नाही.”

त्या गोळ्या तेव्हा घेतल्या असत्या तर आज हे परत आलं नसतं का, हे मी सर्जनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. निदान त्यांनी सांगता येत नाही म्हणून तरी सांगितलं.

ताई


३० मार्च

छोट्या,

तुझी चिठ्ठी काल आली, छोटीशी. तू यायचं म्हणतोस. आईच्या वेळी आलो नाही, या वेळी तसं व्हायला नको म्हणतोस. ते वाचून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. तुझी खोली मी गेल्या आठवड्यातच झाडून ठेवली होती, कशासाठी ते मला विचारू नकोस.

पण त्याखाली तू लिहिलंयस, ‘ताई, तू त्यांना रोज बघतेस. तुला काय वाटतं, किती दिवस आहेत? लवकर येऊन परत जावं लागलं आणि मग काही झालं तर पुन्हा रजा मिळणार नाही. तू अंदाज सांग, त्याप्रमाणे तिकीट काढतो.’

मी हे दोनदा वाचलं. मग कागद हातात घेऊनच अप्पांच्या खोलीत गेले. ते उशीला टेकून डोळे मिटून पडले होते. सलाईनमधल्या औषधाने तोंड आलंय, ओठ फुटलेत, पण डोळ्यांतला पिवळेपणा बराच उतरलाय. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले आणि, तुला खरं सांगते, मोजायला लागले. गळ्याची हाडं किती वर आलीत. श्वास किती वेळाने घेतायत. सकाळी अर्धा टोस्ट खाल्ला होता, काल अख्खा खाल्ला होता. हे सगळं मी वजनकाट्यावर घालत होते. हा महिना जाईल. पुढचा कदाचित. माझ्या डोक्यात एक रेघ तयार व्हायला लागली होती.

त्यांनी डोळे उघडले. “काय बघतेस?”

“काही नाही.”

“माझी पॅन्ट सैल होतेय. पट्ट्याला आणखी एक भोक पाडून आण.”

मी पट्टा घेऊन बाहेर आले. चांभाराकडे जाताना रस्त्यात लक्षात आलं की पट्ट्याला नवं भोक पाडून घेणारा माणूस उद्या पॅन्ट घालून कुठेतरी जायचं म्हणत असतो. ते मी मोजलंच नव्हतं. आणि समजा मोजलं असतं तरी त्याने काय ठरतं? काही ठरत नाही. उद्या ते जातीलही. तूच हे मला चार पानी पत्र लिहून समजावलंस, आणि तूच आज मला विचारतोस.

मी अंदाज सांगणार नाही. मला माहीत नाही, बाईंना माहीत नाही, तुला तर मुळीच माहीत नाही. यायचं असेल तर ये. लवकर आलास की उशिरा, ते दार उघडल्यावर कळेल.

ताई